जकातनाक्यावरून उठताना

आपल्या वसईच्या धर्मग्रामांत ‘नोकरीला लागला’ हे वाक्य ज्या समाधानाने उच्चारले जाते, त्या समाधानाने आणखी दोनच वाक्ये उच्चारली जातात : ‘लग्न ठरले’ आणि ‘गुरुदीक्षा झाली’. ‘लागणे’ हे क्रियापदही मोठे बोलके आहे. झाडाला फळ लागते, तिन्हीसांजेला दिवा लागतो, घरी वाट पाहणाऱ्याला ओढ लागते. मात्र ठेचही लागते आणि व्यसनही लागते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. याउलट ‘सोडणे’ या क्रियापदाच्या वाट्याला आपण संशयच अधिक ठेवला आहे. उपवास सोडणे तेवढे आनंदाचे. एरवी घर सोडणे, साथ सोडणे, पाणी सोडणे, जीव सोडणे. ‘तिने नोकरी सोडली’ हे वाक्यही याच रांगेत बसते आणि ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मग आता कुठे?’ ‘कुठेच नाही’ हे उत्तर ऐकण्याची आपल्या कानांना सवय नाही.

ही सवय नसण्यामागे इतिहास आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले यांवर जगणाऱ्या आपल्या वाडवडिलांना पावसाच्या लहरीवर आणि मुंबईच्या बाजारातील दलालाच्या शब्दावर वर्ष काढावे लागे. सावकारी कर्जाची धास्ती ज्यांनी अनुभवली त्यांनीच १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचे रोप लावले. पुढे १९६९ साली चौदा आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गावोगाव शाखा निघाल्या आणि इंग्रजी-मराठी दोन्ही नीट लिहू शकणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्या शाखांत जागा मिळाल्या. माझे वडील त्यांपैकी एक. त्यांच्या पहिल्या पगारातून आमच्या विहिरीवर विजेचा पंप बसला आणि रहाट थांबला. महिन्याच्या ठराविक दिवशी ठराविक रक्कम हाती येणे याला ते ‘पैसा’ म्हणत नसत, ‘आधार’ म्हणत. अशा घरात वाढलेल्या मुलीने त्रेचाळिसाव्या वर्षी, दुसरी नोकरी हाती नसताना, आहे ती सोडावी की नाही, हा प्रश्न मागील दोन वर्षे माझ्यापुढे होता. तो कसा सुटला यापेक्षा तो सोडविताना काय काय पारखावे लागले, ते मांडावे असे वाटते. आपल्या बाकांवर माझ्याशेजारी गुडघे टेकणाऱ्या किती जणांच्या मनात हाच प्रश्न आहे, याची मला आता थोडी कल्पना आली आहे.

मी २००४ सालच्या जूनमध्ये एका खाजगी वित्तसंस्थेत लागले. कामाचे स्वरूप थोडक्यात असे : छोट्या धंदेवाल्यांना दिलेली कर्जे वेळेवर फिटत आहेत की नाहीत याचा हिशेब ठेवणे आणि थकू लागलेल्या खात्यांची वर्गवारी करणे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते आणि त्यासाठी संस्थेला नफ्यातून तरतूद करावी लागते. त्यामुळे महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि विशेषतः मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे एक प्रकारचा वेढाच असे. पहाटे सव्वापाचला उठून डबे करायचे, गर्दीची विरार लोकल पकडायची, अंधेरीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे, रात्री साडेनऊला परतायचे. ही दगदग वसईच्या हजारो स्त्रियांच्या वाट्याची आहे, तिचे मी कौतुक सांगत नाही. फरक पडला तो भ्रमणध्वनीने. पूर्वी कचेरी गाडीत बसेपर्यंत पाठलाग करी, आता ती स्वयंपाकघरात आली, मग उशाशी आली. रात्री अकराला विचारलेल्या आकड्याचे उत्तर सकाळपर्यंत थांबू शकत नाही, असा शिरस्ता पडला. रविवारच्या मिस्साबलिदानात प्रवचन चालू असताना माझा हात पिशवीतील यंत्राकडे जाऊ लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या झिजेची नोंद केली. तिला आजार न म्हणता नोकरीशी निगडित अवस्था म्हटले आणि तिची तीन लक्षणे दिली : शक्ती आटल्याची जाणीव, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. हे वाचले तेव्हा पहिले लक्षण मी मुकाट्याने मान्य केले. दुसऱ्याने मात्र मी चपापले. एका भाजीच्या टेंपोवाल्याचे खाते थकले होते. त्याच्या पत्नीचे ऑपरेशन झाल्याचे कागद समोर होते आणि ते वाचून माझ्या मनात केवळ इतकेच आले की, हे खाते तीस तारखेपूर्वी नियमित होईल काय? कडवटपणा तो हाच. तो आवाज करीत येत नाही, हिशेबाच्या वहीतून येतो.

त्यात एक गोष्ट अशी होती जी केवळ थकव्याची नव्हती. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातून जुने भरून घ्यायचे, म्हणजे कागदावर खाते स्वच्छ दिसते. वरवर पाहता यात कर्जदाराची सोय दिसते. प्रत्यक्षात त्याचा बोजा वाढतो आणि संस्थेचे दुखणे लांबणीवर पडते. अशा प्रकरणांवर माझ्या शिफारशीची सही लागे. मी प्रत्येक वेळी माझी हरकत लिहून ठेवी. कोणी मला धमकावले नाही. केवळ वर्षाच्या मूल्यमापनात ‘सहकार्यवृत्ती कमी’ असा शेरा येऊ लागला आणि उद्दिष्ट असे बेतले गेले की, हरकत न घेतल्यासच ते गाठता यावे. सदसद्विवेकबुद्धीवर एकदम घाव घातला तर ती प्रतिकार करते. तिला रोज थोडे थोडे झिजविले तर ती किती दिवस टिकेल, हा प्रश्न मला झोपेतून उठवू लागला.

अशा वेळी आपल्याला संत मत्तय आठवणे स्वाभाविक आहे. हिशेबनीस आणि बँकेतील लोक यांचा तो आश्रयदाता संत. त्याचा सण २१ सप्टेंबरला येतो. कफर्णहूमच्या जकातनाक्यावर तो बसला होता, प्रभूने बोलावले आणि तो उठला. पुढची नोकरी ठरली होती काय, असे त्याला कोणी विचारल्याची नोंद नाही. प्रवचनांत नेहमी सांगतात की पेत्र-आंद्रिया यांना जाळ्यांकडे परतण्याची वाट मोकळी होती आणि पुनरुत्थानानंतर पेत्र मासे धरावयास गेलाही. जकातनाक्यावरून उठलेल्या माणसाची जागा मात्र दुसऱ्याच दिवशी भरली गेली असणार. हा विचार मला प्रथम फार धीर देई. परंतु तोच विचार खोलात नेला की धीर सुटे. मत्तयला हाक आली होती. मला कोणती हाक आली होती? मला केवळ थकवा आला होता. हाकेला ओ देणे आणि ओझे टाकून पळणे या दोन्हींत माणूस जागेवरून उठतोच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. आतून तरी ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

संत लूक हीच कथा सांगताना एक तपशील देतो, जो मी वर्षानुवर्षे ऐकूनही ध्यानात घेतला नव्हता. लेवी सर्व काही सोडून निघाला, असे तो म्हणतो आणि लगेच सांगतो की लेवीने आपल्या घरी प्रभूसाठी मोठी मेजवानी दिली. म्हणजे सर्व काही सोडल्यावरही घर होते, चूल होती, पाहुण्यांना पुरेल इतके अन्न होते. त्याच शुभवर्तमानात पुढे, चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, अन्यथा पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. सोडण्याची वेळ सांगणारा आणि मोजण्याची शिस्त सांगणारा प्रभू एकच आहे. श्रद्धा आणि अंकगणित यांत वैर आहे, ही आपलीच समजूत.

त्या वर्षीच्या उपवासकाळात, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मी एका साधनाशिबिराला गेले. तेथील वयोवृद्ध धर्मगुरूंना मी सारे सांगितले आणि विचारले, ‘फादर, उद्याच राजीनामा देऊ काय?’ ते म्हणाले, ‘उद्या नको. आज तुम्ही ज्या मनःस्थितीत आहात, त्या मनःस्थितीत काहीच बदलू नका. न सोडण्याचाही निश्चय करू नका.’ हा त्यांचा स्वतःचा शोध नव्हता. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात, ज्याला १५४८ साली पोप तिसरे पौल यांची मान्यता मिळाली, हा नियमच घालून दिला आहे : मन विषण्ण आणि कोरडे असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, कारण त्या अंधारात सल्ला देणारा आवाज बहुधा आपल्या हिताचा नसतो. निर्णय शांत दिवसांत घ्यावा. त्यासाठी त्यांनी साधनेही दिली आहेत. दोन्ही बाजूंचे लाभ आणि तोटे लिहून काढावेत. एखादी अनोळखी व्यक्ती हाच प्रश्न घेऊन आली तर तिला आपण काय सांगू, याचा विचार करावा. मृत्युशय्येवर असताना आपण कोणता निर्णय घेतला असता तर बरे झाले असते असे वाटेल, ते पाहावे.

मार्चअखेरचा वेढा उठल्यावर मी वाट पाहिली. मे महिन्यात दहा दिवस रजा मिळाली. झोप झाली, वाडीत फिरले, मुलीबरोबर समुद्रावर गेले. मन पुष्कळ निवळले. आणि त्या निवळलेल्या मनानेही जेव्हा मी दोन रकाने आखले, तेव्हा ‘राहावे’ या रकान्यात पगार, विमा आणि लोक काय म्हणतील ही तीन कारणे आली. चौथे कारण शोधूनही सापडले नाही. अनोळखी स्त्रीला मी काय सांगितले असते, हे तर लिहावेही लागले नाही. थकव्याने सुचविलेली गोष्ट विश्रांतीनंतर विरून जाते. ही विरली नाही, उलट अधिक स्पष्ट झाली. ती हाक होती असे मी आजही म्हणणार नाही. पण ती पळही नव्हती, एवढे कळले.

मग बुरुजाचा हिशेब. तो येथे उघड मांडते, कारण या विषयावर आपण हळू आवाजात बोलतो आणि त्यामुळे कोणाचेच भले होत नाही. माझे पती अनुदानित शाळेत शिक्षक आहेत. सारी कपात होऊन त्यांचे ६८,००० रुपये घरी येतात. आमचा मासिक खर्च मी सहा महिने वहीत टिपला : घरकर्जाचा हप्ता २४,०००, दोन मुलांचे शिक्षण १८,०००, घरखर्च ३२,०००, वडिलांची औषधे ६,०००, विम्याचे हप्ते सरासरी ५,००० आणि चर्च, लग्नकार्ये, दुरुस्त्या वगैरे ५,०००. एकूण ९०,०००. तूट २२,००० रुपयांची. मुदत ठेवींतून ४,४०,००० रुपये बाजूला काढता येत होते, म्हणजे ही तूट वीस महिने भरून निघाली असती. कायम नोकरदाराला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. महिन्याचे दिवस त्यासाठी सव्वीस धरतात. माझे मूळ वेतन ५२,००० आणि पूर्ण वर्षे वीस, म्हणून रक्कम ६,००,००० झाली. ती घरखर्चात मिसळायची नाही, पतींच्या पगारात कधी खंड पडला तर घराच्या पंचवीस हप्त्यांसाठी ती राखून ठेवायची, असे आम्ही ठरविले. भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही, हेही ठरले. दहा वर्षांची सेवा भरलेली असल्याने अठ्ठावन्नाव्या वर्षापासूनचे निवृत्तिवेतन, लहान का होईना, शाबूत होते.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही, ती म्हणजे आरोग्यविमा. संस्थेचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते. म्हणून राजीनाम्याच्या पुष्कळ आधी मी कुटुंबाचा स्वतंत्र विमा उतरविला. वर दिलेल्या पाच हजारांत तो धरलेला आहे.

पती म्हणाले, ‘वीस महिन्यांचा हिशेब झाला. एकविसाव्या महिन्याचे काय?’ मी म्हटले, ‘त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.’ ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘उत्तर आहे असे सांगितले असतेस तर मला भीती वाटली असती.’ मुलगी बारावीत होती. तिने विचारले, ‘मम्मी, म्हणजे तू संध्याकाळी घरी असशील?’ त्या प्रश्नात आनंद होता की अविश्वास, हे मला ओळखता आले नाही.

वडिलांना सांगणे सर्वांत अवघड होते. २००० च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा त्यांनी ती घेतली होती. मला वाटले, ते समजून घेतील. ते म्हणाले, ‘बाय, मला तेव्हा घरी जाण्याचे पैसे मोजून दिले होते. तुला कोण देणार?’ मी वही पुढे केली. आयुष्यभर खातेवह्या तपासलेल्या त्या माणसाने प्रत्येक बेरीज पुन्हा करून पाहिली. चूक सापडली नाही, पण पसंतीही दिली नाही. ‘आधार हातचा सोडू नये,’ एवढेच बोलले. नंतर आठवडाभर तो विषय निघाला नाही. मग एका संध्याकाळी पानवेलीला पाणी देता देता त्यांनी विचारले, ‘रात्री झोप लागते का तुला?’ मी ‘नाही’ म्हटले. त्यांनी पाण्याचा पाट दुसऱ्या वाफ्याकडे वळविला आणि म्हणाले, ‘मग आधार कसला तो.’ त्यांची संमती म्हणजे हे एवढेच वाक्य. ती पूर्ण संमती होती असेही मी मानत नाही. आजही माझ्या काळजीने त्यांचा चेहरा उतरतो आणि तो मला पाहावा लागतो. निर्णयाची किंमत केवळ वहीत लिहिलेली नसते.

संत मत्तयचा सण त्या वर्षी शनिवारी आला. सोमवारी, २३ सप्टेंबरला, मी राजीनामा दिला. तीन महिन्यांची पूर्वसूचना पूर्ण करून नाताळच्या दोन दिवस आधी बाहेर पडले. शेवटच्या तीन महिन्यांत माझ्या हरकती मी पूर्वीसारख्याच लिहिल्या आणि माझ्या जागी येणाऱ्या तरुण मुलीला त्या कोठे ठेवलेल्या आहेत ते दाखवून दिले.

हे वाचून कोणी राजीनामा लिहावयास बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्यामागे शिक्षकाचा नियमित पगार होता, स्वतःचे घर होते, वाडीतील भाजी होती. ज्या घरात एकच मिळविता हात आहे, ज्याच्या डोक्यावर आजारपणाचे कर्ज आहे, त्याचा बुरूज निराळा आणि त्याचा हिशेबही निराळा. त्याने तिथेच राहून दुसरे काम शोधणे, विभाग बदलून मागणे, हक्काची रजा न लाजता घेणे, डॉक्टरांकडे जाणे, हे शहाणपणाचे आहे आणि त्यात भित्रेपणा मुळीच नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क आग्रहाने मांडला. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’मध्ये कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते, माणसाचे मोल कामावरून नव्हे, हा विचार सविस्तर समजावून दिला. ही शिकवण गिरणीकामगाराला लागू आहे असे आपण मानतो. वातानुकूलित कचेरीत रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही ती लागू आहे, हे आपण विसरतो. त्यांच्या पगाराचा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि त्या आकड्याने त्यांच्या थकव्याचे तोंड बंद करतो.

म्हणून धर्मग्रामाकडून माझी अपेक्षा फार लहान आहे. नोकरी गेलेल्याला किंवा सोडलेल्याला मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटलो तर ‘आता कुठे?’ असे न विचारता ‘कसे आहात?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकण्यापुरते थांबावे. तरुण जोडप्यांच्या विवाहपूर्व मार्गदर्शनात घरखर्चाची वही आणि सहा महिन्यांची शिल्लक यांचा एक तास असावा. शिल्लक हे लोभाचे लक्षण नाही. प्रसंगी ‘नाही’ म्हणता यावे यासाठी बाळगलेली ती मोकळीक आहे. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचे धान्य आहे, त्याच्याच सहीला विकत घेणे कठीण जाते.

हे लिहिताना सातवा महिना चालू आहे. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एके ठिकाणी पगार चांगला होता, परंतु कामाच्या वेळेविषयी विचारताच समोरचे गृहस्थ हसले, तेव्हा मी समजले. गावातल्या दोन लहान दुकानदारांचे हिशेब लिहून देते, त्याचे थोडे पैसे येतात. वहीतील तूट अंदाजापेक्षा किंचित कमी आहे. कधी कधी मध्यरात्री जाग येते आणि एकविसावा महिना समोर उभा राहतो. ती भीती खोटी नाही, ती असायलाच हवी. मात्र पूर्वी जाग येई तेव्हा मी कोणाच्या तरी थकलेल्या खात्याकडे केवळ तारीख म्हणून पाहत असे. आता त्या टेंपोवाल्याची पत्नी बरी झाली असेल काय, हा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर मला कळण्याचा मार्ग राहिलेला नाही. तिच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणते आणि कुशीवर वळते. बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते.